गाळी

रविवारी हुबळीला पेपर. शंभर प्रश्न, दोन तास.
पुस्तक इंग्रजी, पिवळ्या मार्करनं अर्धं रंगलेलं.
उद्यमबागच्या टपरीवर मल्लेशी विचारतो,
"निगेटिव्ह प्रेशर म्हंजे काय, सांग की."
मी म्हणतो, आधी घाण आपल्याकडं ओढायची,
मग ब्रश फिरवायचा. उलटं केलंस
तर सगळी धूळ पेशंटच्या नाकात.
हे हाताला बारा वर्षं ठाऊक आहे.
पेनाला नाही.

मल्लेशी कन्नडात पाठ करतो, मी मराठीत.
भांडण होतं ते स्पेलिंगवरनं.
त्यांच्यात वाऱ्याला गाळी म्हणतात,
आमच्यात गाळ म्हणजे तळाला बसलेलं.
डक्टमध्ये डोकं घातलं
की दोन्ही एकाच जागी.

कॅम्पातल्या बंद टॉकीजच्या डक्टात
कबुतराची पिसं, फाटकी तिकिटं,
आणि कागदात गुंडाळलेला एक दुधाचा दात.
प्रश्न एक्केचाळीस: सापडलेल्या वस्तूचं काय करावं?
चार पर्याय.
आठवडाभर खिशात घेऊन फिरावं, हा त्यात नाही.

रात्री सुगंधा वडगावच्या मागावरनं येते,
केसात सुताचा पांढरा कोंडा.
मी फुंकर मारायला जातो आणि थांबतो.
"फुंकायचं नसतं," सांगतो, "ओढून घ्यायचं असतं."
"हे लिही हुबळीत," म्हणते,
आणि खोकत खोकत हसते.

मग केस सोडून खिडकीशी उभी राहते.
खिडकी कधी उघडी ठेवायची,
ते पान बावन्नवर आहे.
अजून तिथंवर पोचलो नाही.