लंगडीची तिसरी दाढ

वर्तमानपत्रात गुंडाळून म्झेकालाने दिला होता
एका मेंढीचा जबडा.
वर सुतळी. गाठ अशी, की सोडवताना
माझं नख तुटलं.

"कोच्ला," ती म्हणाली. म्हणजे लंगडी.
नवऱ्याच्या वर्षाच्या जेवणाला कापली.
"मांस चिवट होतं. पाहुणे काही बोलले नाहीत."

मला जुन्या मेंढ्या वाचायच्या असतात,
तीन हजार वर्षं मातीत पडलेल्या.
त्यासाठी आधी आजच्या वाचाव्या लागतात,
ज्यांनी काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं
हे सांगायला अजून कुणीतरी जिवंत आहे.
म्हणून तुशेतीत घरोघर हिंडते मी
जबडे मागत, लोकरीची बट मागत.
पोरं मला दातवाली म्हणतात.

लोकर बोलते, पण तिची आठवण एका कातरणीपुरती.
हाड सगळी वर्षं एकाच पातेल्यात ढवळतं,
त्यातून एखादा महिना वेगळा काढता येत नाही.
दाढ मात्र हिशेबी.
वाढताना थर चढवत जाते
आणि चढवलेला थर पुन्हा खोडत नाही.
हिऱ्याच्या टोकाने आडव्या रेघा पाडायच्या,
शेंड्यापासून मुळाकडे, एकोणीस,
प्रत्येक रेघेची चिमूटभर पांढरी पूड
वेगळ्या कुपीत.
मग यंत्र तोलतं: जड कार्बन किती, हलका किती,
जड ऑक्सिजन किती.
गवताचा कार्बन एक, मक्याचा दुसरा.
मैदानातलं पाणी एक, बर्फाचं दुसरं.

झेझ्वाने, होता तेव्हा, माझ्या वहीत स्वतः सांगितलेलं:
उन्हाळ्यात वर, ओमालोच्या कुरणांत.
पहिलं बर्फ भुरभुरलं की आबानोची खिंड ओलांडून
खाली शिराकीच्या मैदानात. सगळा कळप. दर वर्षी.
दाणा?
हसला होता. "दाणा माणसांना पुरत नाही, बाई."

अकराव्या रेघेपासून ऑक्सिजन खाली गेला.
खाली, अजून खाली. शिराकीचं पाणी असं नसतंच.
हे वितळवलेलं बर्फ.
आणि त्याच रेघांत कार्बन वर चढला.
मका.
मी यंत्र धुतलं. कुप्यांचे आकडे ताडून पाहिले.
पुन्हा तेच.
मूठभर मक्याने रेघ अशी चढत नाही.

जूनमध्ये रस्ता उघडल्यावर आलेख घेऊन वर गेले.
म्झेकाला कातड्याच्या पिशवीत चीज भरत होती,
कोपरापर्यंत मीठ.
कागद तिने आधी उलटा धरला.
मी बोटाने दाखवलं: हा दुसरा हिवाळा.
ही मेंढी तेव्हा खाली आलीच नव्हती.

बराच वेळ हात पिशवीतच.
मग म्हणाली, त्याच शरदात तिचा पाय मोडला होता.
खिंड चढली नसती.
त्याने कळप भावाबरोबर पाठवला आणि निरोप धाडला,
छपराचं काम राहिलंय, इथेच थांबतो.
वर मक्याच्या पिठाचं एक पोतं होतं,
एका माणसाला वसंतापर्यंत पुरेल एवढं.
"उतरला तेव्हा पट्ट्याला दोन नवी भोकं.
मी भांडले. पीठ असून
मचादीसुद्धा थापता येत नाही का तुला?
म्हणे, वर भूकच लागत नाही."

तिने ओलं बोट आलेखावर ठेवलं,
नेमकं चढावर.
"अर्धं?"
अर्ध्याच्या आसपास, म्हटलं.
"मेला," ती म्हणाली. "बोलला नाही मला."
आणि पुन्हा चीज दाबू लागली.
जरा वेळाने, पाठमोरीच:
"छप्पर अजून गळतं."

कागदावर मिठाचा डाग वाळलाय. तो तसाच फाइलमध्ये.

प्रयोगशाळेत सातव्या खोक्यात
थडग्याच्या टेकाडातून निघालेली एक दाढ आहे.
तिच्यातही असाच चढ, असाच बर्फाचा उतार;
मका तेव्हा नव्हता, राळा असेल.
अहवालात मी लिहिलं होतं,
हिवाळ्यात पूरक चारा दिला असण्याची शक्यता.
वाक्य बरोबर आहे. बदललं नाही.
फक्त कुपीच्या बुडाशी, पेन्सिलीने,
सहसा कुणी पाहत नाही तिथे,
लिहून ठेवलं:
छप्पर.