नमुन्याबाहेरचा

बेटावर उतरले तेव्हा पिशवीत एकशे बारा प्रश्नावल्या होत्या,
आणि एक प्रश्न, विद्यापीठानं पैसे देऊन विचारायला लावलेला:
पडद्यावरून शिकवलेलं किती उरतं?

किती उरतं. जणू दूधच,
उतू गेल्यावर पातेल्यात वाकून बघायचं.

मागच्या अहवालात मी लिहिलं होतं, पालथ्या घड्यावर पाणी.
शास्त्रीय भाषेत, अर्थात. दोन आलेखांसह.

चिलोएच्या या टोकाला सिग्नल मिळतो तो दफनभूमीच्या टेकडीवर,
बाकी कुठंच नाही.
दोन वर्षं सातवीचा वर्ग तिथं भरला,
क्रुसांना पाठ टेकून, गुडघ्यावर फोन,
डोक्यावर खताचं रिकामं पोतं, कारण इथला पाऊस वेळापत्रक पाळत नाही.

सर्व्हरनं इमानानं लिहून ठेवलं होतं:
मिरेया नाउएलकिन, हजेरी शहाण्णव टक्के,
कॅमेरा बंद, माइक बंद,
गप्पांच्या चौकटीत वर्षभरात एकच शब्द: हो.
'सहभाग अल्प,' मी बोटीतच लिहून मोकळी झाले.

मिरेयानं मला चुलीपाशी बसवलं
आणि बटाटे सोलता सोलता उत्तरं दिली.
वर्ग आवडला का, एक ते पाच?
तीन.
समजत होतं का?
तीन.
पुन्हा असं शिकायला आवडेल?
सुरी थांबली. "तुम्हाला किती हवेत?"

कॅमेरा का बंद, हा प्रश्न छापील कागदावर नव्हता.
"मागे आजोबांची कबर दिसायची," ती म्हणाली,
"सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत बसणार. त्यांना नसतं आवडलं."
मी रकाना शोधला. सापडला नाही.

मग चाचणी, अकरा महिन्यांनंतरची.
तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश.
मिरेया पेन्सिल चावत राहिली,
खिडकीबाहेर एक बोट जाऊन दुसरी आली,
आणि लाकडांच्या ढिगामागून कुणीतरी म्हणालं,
पाच अष्टमांश.

एलिसेओ. आठ वर्षांचा, पुढचे दोन दात गायब.
त्याच्या इयत्तेला मास्तरच मिळाला नव्हता,
म्हणून तो टेकडीवर पोतं धरायला जायचा,
बहिणीच्या डोक्यावर, दोन्ही हातांनी.
हाताला रग लागू नये म्हणून तिनं
इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात खुपसलं होतं.

"मास्तर गोल पाव कापायचे," तो सांगू लागला,
"सुरी चारदाच वाजायची, आणि म्हणायचे तुकडे आठ.
मला वाटलं, खोटं बोलतात.
मग रात्री पांघरुणावर बोटानं कापून पाहिलं."

त्यानं हवेत चार रेघा मारल्या, एकाच मध्यातून.

घडा पालथा होता, खरंय.
ओघळलेलं पाणी कुठं मुरलं
ते बघायला आम्ही कुणी खाली वाकलो नव्हतो.

टेकडीवर चढून मी वाल्दिव्हियाला फोन लावला.
प्राध्यापक इर्मा ओयारसुन शांतपणे म्हणाल्या,
नमुन्यात नाही त्याला मोजता येत नाही.
बरोबरच आहे. मीही विद्यार्थ्यांना हेच शिकवते.
(अन् मुलगा तर अस्सल नमुना,
खिशात खिळे, शिंपले आणि एक मेलेला खेकडा.)

प्रश्नावलीच्या पाठीवर मी एक वर्तुळ काढलं, चार रेघा ओढल्या.
त्याला नाव दिलं नाही.

निघताना तो धक्क्यावर धावत आला.
"मास्तर दिसतात कसे?"
मी दोन रुपेर्तोंना भेटले होते. इंजिन सुरू झालं होतं,
शब्द पोचेनात, म्हणून हातानं दाखवलं:
बुटके. टक्कल. चष्मा.

त्यानं क्षणभर विचार केला,
आणि जोरजोरात मान हलवली.
नाही. तसे नाहीत.