तुरट

ओल्या पंच्यात गुंडाळलेली बाटली
सकाळपासून माठाशेजारी उभी आहे.
एप्रिल. एरंडवण्यात, चौथ्या मजल्यावर, एकोणचाळीस.

बारोलोच्या उतारावर ती बाई
नखांत माती घेऊन विचारत होती,
जिभेवर काय उरलं?
गुलाब, कुणी म्हणालं. डांबर. चेरी.
चेरी मी खाल्लीये ती केकवरची.
गप्प राहिले.
तोंडात मात्र हिरडा होता,
रविवार पेठेत, बाबांच्या काष्ठौषधींच्या दुकानात
खलबत्त्याशी बसून चोखलेला.

नेब्बिओलो, ती म्हणाली. नेब्बिया म्हणजे धुकं.
धुकं उतरतं तेव्हाच आम्ही ही द्राक्षं उतरवतो,
सगळ्यांच्या शेवटी.
आणि मग थांबतो. वर्षानुवर्षं.

काचेचे पेले आमच्याकडे नाहीत.
श्रीरंग फुलपात्रात ओततो,
एक घोट, आणि तोंड वाकडं:
"अगं, हे कच्च्या सुपारीसारखं ओढतंय!"

ओढतंय.
तिथे आठ दिवस हाच शब्द शोधत होते मी.

थांब जरा, म्हणते, आवळ्यावर पाणी प्यायल्यासारखं
मागून येईल काहीतरी.
तो थांबतो. पंखा फिरतो.
पुसट झालेल्या लेबलावरचं साल
मी आत्ता नीट वाचते:
दुकानाला कुलूप लावलं, ते.