लोकल आयडी

रात्रीचे दहा, सीबीएस.
सॅकचा पट्टा हनोईत तुटलेला,
अजून नाडीवरच आहे.
खिशात दोनशे साठ रुपये
आणि लाओसच्या नोटा, नुसती शून्यं.

घर चालत पाऊण तास.
पण मला अजून एक रात्र हवी होती
कुणाचीच नसलेली.

लॉजवाल्या भोपळेंनी वही सरकवली.
कुठून आलात? काठमांडू.
कुठे जाणार?
पेन अडलं. मग लिहिलं,
उत्तरेश्वर पेठ.

त्यांनी आधार उलटंपालटं केलं.
'गावातल्यास्नी खोली देत न्हाई, ताई.
पोलिसांची कटकट हुतीया.'

पाच महिने, सहा देश.
ढेकणांसकट का होईना,
सगळ्यांनी खाट दिली.
भाषा येत नसताना दिली.

गंगावेशीत म्हशी अजून उभ्या होत्या.
धार थेट ग्लासात,
वर बोटभर फेस.
दूधवाला सॅककडे बघत म्हणाला,
'कुठलं पावणं?'

'हितलीच. आलो की परत.'
'आले' म्हणायचं होतं,
'आलो' निघालं,
आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात तसं.
पुढचा घोट गरम होता.
ओठावरचा फेस पुसलाच नाही.