आठवी ब, सावळज

भागाकार अडला म्हणून मी बाकापाशी वाकले,
आणि इंद्रजित पवळे बोलून गेला,
"आई, इथं शून्य येतं का?"

वर्ग हसला. मागच्यांनी बाक बडवले.
त्याचे कान लाल, पेन्सिल थांबलेली.
मी म्हटलं, "येतं. आता पुढचा आकडा खाली घे."
एवढंच.

ती मागच्या बेदाण्याच्या हंगामात गेली.
हजेरीपटावर त्यासाठी रकाना नसतो.

मग तो मधल्या सुट्टीत रेंगाळायला लागला.
मी दार सताड उघडं ठेवलं,
अपूर्णांकांना शेजारी रुबीनालाही बसवलं.
रात्री साडेदहाला त्याचा मेसेज :
बाई, झोपलात का?
माझा अंगठा उत्तरापर्यंत जाऊन जाऊन परत आला.
सकाळी प्रार्थनेनंतर विचारलं, "जेवला होतास का रे काल?"
आणि दुपारी त्याच्या आत्याला बोलावून घेतलं.

डबाभर बेदाणे आणले, फक्त माझ्यासाठी.
मी चार उचलले, डबा वर्गात फिरवला.
रुसला. दोन दिवस वही दिली नाही.
तिसऱ्या दिवशी मी मागितली.
(घरी मात्र मला भाजी गोड लागली नाही,
हे कुणाला सांगायचं?)

शनिवारी क्षेत्रभेट, त्यांच्याच बागेत.
सुतळीनं काडी तारेला बांधत म्हणाला,
"बाई, गाठ सैलच मारायची.
काडी पुढं जाड होती, मग काचतं तिला."
"कुणी शिकवलं?"
तो तारेकडंच बघत राहिला.
"आईनं."
कुणी हसलं नाही.

मी म्हटलं, "परत मार एकदा.
सगळ्यांना दिसू दे."