साखर फोडायचा दगड

काठीच्या टोकाला चुंबक बांधून
मी निघतो तेव्हा उन्हं आडवी असतात.
आडवीच हवीत. डोक्यावर आली
की हमादावरचा प्रत्येक दगड काळा,
प्रत्येक दगड खोटं बोलतो.
मीही बोलतो म्हणा, हद्दूशी, भाव करताना.

चुंबकाला भेद कळत नाही.
त्याला सार्डिनच्या डब्याचं झाकण चिकटतं,
खोगिराची गंजलेली कडी चिकटते,
जुन्या लढाईचा पत्रा तर हमखास.
देइदामामाची काठी अशाच एका पत्र्याला लागली होती.
तेव्हापासून तो तंबूत बसून, एका पायावर,
आमचे दगड नुसते हातात तोलतो.
हा इथला.
हा इथला.
हाही इथलाच, फेक.
आणि कधीतरी, वर्षातून दोनदा,
काहीच बोलत नाही.
तो ठेवायचा.

जड असतो तो. दिसतो त्याहून जड,
झोपलेलं पोर उचलावं तसा.
वरून करपलेल्या भाकरीचा पापुद्रा,
पापुद्रा उडाला तिथे राखाडी,
राखाडीत लोखंडाची चमचम
आणि बाजरीच्या दाण्याएवढे गोल थेंब.
हद्दू म्हणतो, हे थेंब आधी थिजले,
पृथ्वी मागून झाली.
कोण होतं बघायला? मी विचारलं.
तो तराजू पुसत राहिला.

हद्दू एर्फूदहून येतो, दोन दिवसांची वाट,
खिशात भिंग, गाडीत करवत, तोंडात खजूर.
गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा माझ्या पिशवीत
सतरा दगड होते. सतराही इथलेच निघाले.
चहा तरी घे, आई म्हणाली,
आणि निळ्या कागदातून साखरेचा सुळका काढून
तिनं त्यावर दगड हाणला.
हद्दूचा हात गिलासाकडे जाता जाता थांबला.

तो दगड आईला लग्नाच्या वर्षी सापडला होता,
वारा सुटला म्हणून दोरीवर ठेवायला
काहीतरी हवं होतं तेव्हा.
मग तो आत आला. आतच राहिला.
आमच्या तिघांच्या बारशाची साखर त्यानं फोडली,
बाबा गेले त्या आठवड्याची फोडली,
(तेव्हा माणसं फार आली होती, दोन सुळके लागले)
आणि मी तीन वर्षं, सकाळी उठून,
चुंबक घेऊन त्याच्यावरून ओलांडून जात होतो.

आठशे बारा ग्रॅम, भेगांतल्या साखरेसकट.
हद्दूनं कोपरा कापला, पाणी सोडत सोडत.
ओल्या मातीसारखा, बंदुकीसारखा वास आला.
साधाच आहे, तो म्हणाला,
या जातीला हल्ली गिऱ्हाईक नाही.
आवाज मात्र साधा नव्हता.

किती जुना? आईनं विचारलं.
त्यानं आकडा सांगितला. साडेचार अब्ज.
आमच्याकडे एवढी शेळ्यामेंढ्यांची मोजणीसुद्धा नाही.
म्हणजे माझ्या आधीचा, आई म्हणाली.
हो, सुएल्मा, तुझ्या आधीचा.
मग त्याला घाई नसेल, बस, दुसरा चहा घे.

तिसऱ्या चहापर्यंत तिनं भाव दुप्पट केला.
वर मामासाठी कुबडी मागितली,
आणि साखर फोडायला पितळी हातोडी.
मला वाटलं होतं ती दगड धरून बसेल, रडेल.
तिनं तो फडक्यानं पुसून दिला,
जसा शेजाऱ्याचा टोप परत करतात.

हातोडी आली. चांगली आहे, चकचकीत.
पण साखरेचा भुगा करते,
निम्मी चटईत जाते, मुंग्या येतात.
चार दिवस आईनं सोसलं.
पाचव्या दिवशी बाहेर गेली, हमादावर वाकली,
एक दगड उचलून मामाच्या हातात दिला.
मामानं तोलला. हा इथला.
माहीत आहे, ती म्हणाली, इकडे दे,
पाणी उकळून आटायला लागलंय.