हद्द

कोयंडेकाकांना परग्रहवासीयांनी उचललं
ते माझगावातून, मंगळवारी, रात्री दोन वीसला.
टाकीचा बॉल-कॉक अडकला होता,
काका पाना घेऊन गच्चीवर गेले होते.

आता हे काही बरोबर नाही.
सत्तावीस वर्षं कॅसेट लायब्ररी चालवलेल्या माणसाला
एवढं कळायला हवं, की
उचलायचं असतं मक्याच्या शेतातून.
लांबलचक रस्ता, एकटीच गाडी, तिचे दिवे मिणमिणतात,
रेडिओ खरखरतो, कुत्रं एकदाच भुंकतं
आणि चौकड्यांच्या शर्टातला कुणी अर्ल
वर बघून म्हणतो, ओ माय गॉड.
आमच्याकडे मका मिळतो तो भाजलेला, तिखटमीठ-लिंबू लावून,
आणि कुत्री भुंकायची थांबतच नाहीत.

काका वर बघून म्हणाले,
कोण आहे रे तिकडे?

तबकडी उतरलीच नाही म्हणे.
उतरणार कुठे?
अकरा डिश अँटेना, कबुतरांची जाळी,
डिमेलोंच्या उन्हात टाकून विसरलेल्या गाद्या
आणि तो टॉवर, ज्याची केस कोर्टात आहे.
तशीच तरंगत राहिली, इंजिन चालू ठेवून,
पाच मिनिटांत निघतो म्हणणाऱ्या टेम्पोसारखी.

चार वाजता काका परत आले.
पाना आला नाही.
काकू म्हणाल्या, हद्द झाली! सोसायटीचा पाना होता तो.

हवालदार म्हणाला, हद्द कुठली?
गच्चीपर्यंत आमची. त्याच्या वर विमानतळवाले.
आणि समुद्राकडे कलली असेल, तर बंदरवाल्यांकडे जा.
तुम्ही नेमके कुठल्या बाजूला बसला होतात?
काका म्हणाले, आडवा होतो.
मग त्याने बराच वेळ पेन चावलं
आणि लिहिलं : पाना गहाळ.

रविवारी खास सभा भरली.
अंकलेसरिया सेक्रेटरी म्हणाले,
रात्री दहानंतर गच्ची वापरायला परवानगी कोणी दिली?
(कोणाला, काकांना की त्यांना, ते इतिवृत्तात नाही.)
वॉचमनच्या वहीत पाहुण्यांची नोंद नव्हती.
रामसकल शपथेवर म्हणाला,
साब, लिफ्ट से तो कोई नहीं आया.
खजिनदारांनी विचारलं, बिल पाठवायचं कुठल्या पत्त्यावर?
चहा आला, सभा संपली.

जिन्यात मी काकांना गाठलं.
दिसत कसे होते हो?
राखाडी? बिननाकाचे? डोळे बशीएवढे?
काका म्हणाले, चष्मा खालीच राहिला ना गं.
धुरकट होते सगळे.
पोट दाबलं, जीभ बघितली, डोळ्यांत उजेड मारला.
मी सांगितलं, शुगरची गोळी सकाळची आहे.
ते ऐकत होते.
बारा-तेरा जण असतील, एकाच्याही हातात फोन नाही,
सगळे नुसते माझ्याकडे बघतायत.
दुकान बंद केल्यापासून एवढं निवांत...

मग एकदम थांबले. कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.
म्हणाले, बॉल-कॉक मात्र नीट झालाय हां.
मी नाही केला.

मी वर जाऊन पाहिलं.
खरंच, टाकी भरली की आपोआप बंद होते,
आवाज नाही, ओघळ नाही.
प्लंबरला बोलावल्याची नोंद नाही, व्हाउचरही नाही.

परवा रात्री मी
आमचा जळका वास येणारा मिक्सर
गच्चीवर नेऊन ठेवला. सहजच.
झाकणाला चिठ्ठी लावली :
भांडं मोठंच लावून बघावं, छोट्याचं काही नाही.
आणि येताना, कृपया,
पाना.